फोटोचं पोस्टकार्ड करायचंय? मागच्या बाजूपासून सुरुवात करा

माझ्या टेबलावर आत्ता तीन पोस्टकार्डं आहेत. तिन्ही मुंबईची, तिन्ही ओळखीतल्या माणसांनी हौसेनं छापून घेतलेली. पहिल्यावर राजाबाई टॉवरचं टोक कटिंगमध्ये उडालंय. दुसऱ्याचा फोटो फार देखणा आहे, पण मागे जेल पेननं लिहिलेला मजकूर टपालात पुसून निळा ढग झालाय; पत्ता तेवढा कसाबसा वाचता येतो. तिसरं टपालानं आलंच नाही, मैत्रिणीनं हातात आणून दिलं. त्याच्या गुळगुळीत पाठीवर तिकीटच चिकटत नव्हतं.

फोटो तिघांचेही चांगले आहेत. चुकलाय तो क्रम. बहुतेक जण आधी फोटो निवडतात, तो ४ बाय ६ मध्ये कसाबसा बसवतात, प्रेस गाठतात, आणि शंभर कार्डं हातात आल्यावर त्यांना प्रश्न पडतो की लिहायचं कुठे आणि तिकीट लावायचं कुठे. पोस्टकार्डाला कटिंग मशीन, पेन, डिंक, शिक्का, पाऊस आणि पोस्टमनची पिशवी एवढं सगळं झेलायचं असतं. म्हणून आधी मागची बाजू, मग कागद, आणि त्यानंतर फोटो, असा क्रम मी इथे दिला आहे.

उदाहरणं फोर्ट-चर्चगेटची आहेत, कारण माझं फिरणं तिथलं. पुण्यातल्या पेठा असोत की पणजीचं फोंतेन्यास, टप्पे हेच राहतात.

## टप्पा १: किती कार्डं आणि कशासाठी, हे कागदावर लिहा

छपाईचा मार्ग यावरच ठरतो. पाच-दहा कार्डं हवी असतील तर फोटो लॅब पुरते. पंचवीस-तीसपासून काही शेकड्यांपर्यंत डिजिटल प्रेस. एकाच फोटोची हजारभर कार्डं काढायची असतील तरच ऑफसेटकडे, म्हणजे प्लेट बनवून होणाऱ्या मोठ्या छपाईकडे, जा.

कार्डं टपालानं जाणार, हातोहात वाटली जाणार, की विकली जाणार, हेही आत्ताच ठरवा. विकायची असतील तर परवानगीचे प्रश्न वेगळे होतात. ते टप्पा ५ मध्ये येतील.

पहिल्या खेपेला चार वेगवेगळे फोटो, प्रत्येकाची दहा कार्डं, एवढंच करा. एकाच फोटोची दोनशे कार्डं छापली आणि चूक निघाली, तर ती दोनशे वेळा छापलेली असते.

## टप्पा २: आकार ठरवा आणि तो बदलू नका

व्यवहारात दोनच आकार सोयीचे. एक ४ बाय ६ इंच, म्हणजे साधारण १०२ बाय १५२ मिलिमीटर. दुसरा ए-६, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटर. परदेशी टपालासाठी पोस्टकार्ड किमान ९० बाय १४० आणि कमाल १२० बाय २३५ मिलिमीटर असावं लागतं. दोन्ही आकार त्यात आरामात बसतात.

मी ४ बाय ६ घेतो. कॅमेऱ्याचा फोटो बहुधा ३:२ या प्रमाणात असतो आणि तो यात न कापता बसतो. लॅबवाल्यालाही हा आकार रोजचा. फोनचा फोटो मात्र ४:३ असतो. तो ४ बाय ६ मध्ये बसवताना उंचीतला सुमारे ११ टक्के भाग जातो, ए-६ मध्ये साधारण ५ टक्के. शहराच्या फोटोत वर कळस, घुमट, पाण्याच्या टाक्या आणि खाली फुटपाथ, माणसांचे पाय. हे ११ टक्के नेमके तिथूनच जातात. तेव्हा फोनवरच काढणार असाल तर ए-६ चा विचार करा, किंवा काढतानाच वर-खाली मोकळी जागा सोडा.

जपून: टपाल खात्याचं नेहमीचं पिवळं कार्ड १४ बाय ९ सेंटिमीटर असतं. आपलं कार्ड त्याहून मोठं. त्यामुळे "पोस्टकार्ड आहे, पन्नास पैशांचं तिकीट पुरेल" हा हिशेब इथे धरून चालू नका.

## टप्पा ३: मागची बाजू आखा

फोटो उघडण्याआधी एक कोरा कागद १५२ बाय १०२ मिलिमीटर कापून घ्या आणि पेन्सिलीनं पुढची आखणी करा. कॉम्प्युटरवर नको, कागदावरच. हातानं लिहून बघितल्याशिवाय जागेचा अंदाज येत नाही.

१. मधोमध उभी रेघ. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता.

२. उजव्या अर्ध्या भागात वरची ३५ मिलिमीटर पट्टी तिकिटासाठी मोकळी. अनेक जण इथे अंगठ्याएवढा चौकोन छापतात आणि तिथेच फसतात. आपली स्मारक तिकिटं साधारण ४ बाय ३ सेंटिमीटरची असतात. परदेशी कार्डाला दोन-तीन लावावी लागली तर चौकोन सोडून पत्त्यावर चढतात. म्हणून चौकोन छापू नका, नुसती जागा ठेवा.

३. त्याखाली पत्त्याच्या पाच ओळी, दोन ओळींत ८ मिलिमीटर अंतर. म्हणजे ४० मिलिमीटर.

४. तळाची १५ मिलिमीटर पट्टी पूर्ण कोरी. अमेरिकेसारख्या देशांत टपालाची वर्गवारी यंत्रं करतात आणि तळाशी बारकोड छापतात. तिथे तुमचं नाव किंवा फोटोची ओळ असली तर तिच्यावर काळ्या काड्या उमटतात.

बेरीज करा: ३५ + ४० + १५ = ९०. कार्ड १०२ मिलिमीटर उंच. बारा मिलिमीटर शिल्लक, म्हणजे जीव गुदमरत नाही.

५. फोटोची ओळ डावीकडे सगळ्यात वर, लहान अक्षरात: ठिकाण, महिना, वर्ष, फोटो काढणाऱ्याचं नाव. "ओव्हल मैदान, मुंबई. ऑगस्ट २०२४" एवढं पुरे. सुविचार नको, हॅशटॅगही नको. दहा वर्षांनी कार्ड हातात घेणाऱ्याला "कुठलं आणि कधीचं" एवढंच हवं असतं.

६. वरच्या बाजूला "पोस्टकार्ड" हा शब्द देवनागरीत आणि रोमनमध्येही छापा.

फोटो उभा असला तरी मागची बाजू आडवीच ठेवा. आणि मागे कुठलाही रंगीत थर देऊ नका, फिकट राखाडीसुद्धा नको. डिजिटल प्रेसचा टोनर, म्हणजे तिथली पावडरची शाई, कागदावर प्लास्टिकसारखा बसतो आणि त्यावरून बॉलपेन घसरतं. रेघा बारीक आणि फिकट एवढ्याच.

तपासा: पेन्सिलीनं आखलेल्या कागदावर खरा पत्ता लिहा, तोही लांबलचक: इमारत, सोसायटी, रस्ता, "अमुक मंदिरामागे", शहर, पिन. मावला तरच पुढे जा.

## टप्पा ४: कागद

सगळ्यात जास्त कार्डं इथे वाया जातात. प्रेसमध्ये जाऊन नुसतं "जाड, चांगला कागद द्या" म्हटलं की आर्टकार्ड पुढे येतं. आर्टकार्ड दोन्ही बाजूंनी चकचकीत. फोटो सुरेख उठतो, पण मागे शाई सुकत नाही. त्यावर कोणी दोन्ही बाजूंना लॅमिनेशनही मारून दिलं, तर पेन, डिंक आणि टपालाचा शिक्का यांतलं काहीच धरत नाही.

मागायचा कागद असा: एकाच बाजूला कोटिंग असलेला बोर्ड, ३०० ते ३५० जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). प्रेसवाले त्याला "वन साइड कोटेड" किंवा "एफबीबी" म्हणतात. पुढची बाजू गुळगुळीत, मागची वहीच्या कागदासारखी. ३०० जीएसएममध्ये ४ बाय ६ चं कार्ड साडेचार-पाच ग्रॅम भरतं, तेव्हा वजनाची काळजी नाही. २५० च्या खाली मात्र उतरू नका. पेटीत पडताना कोपरे दुमडतात.

पुढच्या बाजूला मॅट लॅमिनेशन घ्यायचं का? पावसाळ्यात पाठवणार असाल आणि फोटोत गडद भाग जास्त असेल तर घ्या, टोनर खरवडला जात नाही. पण एकाच बाजूला लॅमिनेशन केलं की कार्ड थोडं वळतं. कटिंगनंतर दोन दिवस जड पुस्तकांखाली ठेवावं लागतं. मी शक्यतो लॅमिनेशनशिवायच घेतो.

अंगठ्याची परीक्षा: ऑर्डर देण्याआधी प्रेसमधून त्या कागदाचा तुकडा मागून घ्या. मागच्या बाजूवर आपल्या नेहमीच्या पेननं चार शब्द लिहा, मनात तीसपर्यंत मोजा आणि अंगठा फिरवा. अक्षर फिसकटलं तर कागद बदला. कागद तोच हवा असेल तर पेन बदला. जीभ लावून एखादं तिकीटही चिकटवून बघा आणि तासाभरानं नखानं उचलून पाहा.

फोटो लॅबमधून पाच-दहा कार्डं करणाऱ्यांसाठी: लॅबच्या फोटोपेपरची पाठ प्लास्टिकची असते, तिच्यावर थेट लिहिता येत नाही. मागची बाजू साध्या कागदावर छापून फोटोला चिकटवा. पातळ पांढरा गोंद वापरला की कागद फुगून सुरकुत्या पडतात. ग्लू स्टिक वापरा, वर पुस्तक ठेवा, आणि सुकल्यावर चारही कडा मोजपट्टी लावून कटरनं एकदम कापा.

## टप्पा ५: फोटो काढणं, निवडणं आणि परवानगी

आता कुठे फोटो.

उजेडाची दिशा आधी बघा. ओव्हल मैदान घ्या. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग. सकाळचं ऊन पूर्वेकडून येतं, म्हणजे ते पश्चिमेकडच्या आर्ट डेको इमारतींच्या तोंडावर पडतं. त्याच वेळी राजाबाई टॉवर काढायला गेलात तर मागून उजेड, समोर काळा सुळका. टॉवरसाठी दुपारी तीननंतर जा. सीएसएमटीचा दर्शनी भागही पश्चिमेकडे आहे. सकाळी सातला तिथे धडपडत पोचणाऱ्यांना सावलीतली इमारत मिळते. मरीन ड्राइव्हच्या इमारती समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून आहेत. त्यांनाही संध्याकाळच हवी.

उभ्या रेघा उभ्याच ठेवा. कॅमेरा वर तिरका केला की इमारत मागे कलंडते. मोठ्या फोटोत ते चालून जातं. पोस्टकार्डावर कार्डाची कड शेजारीच असते, त्यामुळे तिरकेपणा ठळक दिसतो. राजाबाई टॉवर सुमारे ८५ मीटर उंच आहे; पायथ्याशी उभं राहून तो सरळ येणं शक्य नाही. मैदानाच्या पलीकडच्या कडेला जा, फोनमधली ग्रिड चालू करा, फोन सरळ धरा आणि खालची जास्तीची हिरवळ नंतर कापा. ॲपमध्ये रेघा सरळ करायच्या असतील तर त्यातही कडा कापल्या जातात, तेव्हा चारही बाजूंनी जास्तीची जागा ठेवूनच काढा.

एकच गोष्ट दाखवा. कार्ड हातभर अंतरावरून बघितलं जातं. क्रॉफर्ड मार्केटचा अख्खा चौक, बेस्टची बस, फळांच्या राशी, माणसं आणि घड्याळाचा मनोरा असं सगळं एकात घेतलं की कार्डावर नुसती गर्दी उरते. पण फळांच्या पाटीवर कागद पसरणारे दोन हात आणि मागे धूसर कमान, हे कार्डावर टिकतं. गिरगावात खोताच्या वाडीतलं एक कार्ड माझ्याकडे आहे: लाकडी जिना, त्याच्या तिसऱ्या पायरीवर वाळत टाकलेली छत्री. बाकी काही नाही. लोक तेच मागून घेतात.

तपासा: फोटो फोनवर आडवा करून पूर्ण दिसेल असा ठेवा. फोनचा पडदा पोस्टकार्डापेक्षा थोडा लहानच असतो. हात लांब करून बघा. बोटांनी झूम करण्याचा मोह झाला तर तो फोटो कार्डासाठी नाही.

पिक्सेलची चिंता फारशी करू नका. ४ बाय ६ ला १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात आणि १२ मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो ४०३२ बाय ३०२४ असतो. घोळ होतो तो डिजिटल झूम, स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरून परत उतरवलेल्या प्रतींमुळे. मूळ फाइलच वापरा.

परवानगीबद्दल, विकणार असाल तर विशेष. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) कलम ५२ नुसार इमारतीचा, तसंच सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो काढणं आणि प्रसिद्ध करणं हा कॉपीराइटचा भंग ठरत नाही. पण ही सूट भिंतीवरच्या चित्रांना नाही. रंगवलेली भिंत हाच फोटोचा विषय असेल आणि कार्ड विकायचं असेल, तर चित्रकाराला विचारा, आणि त्याचं नाव मागे छापा. दुसरी गोष्ट, ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीच्या प्रतिमेची २०१७ मध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदणी झाली आहे. तिचं कार्ड घरच्यांना पाठवणं वेगळं आणि स्टॉल लावून विकणं वेगळं. विकण्यासाठी रेल्वेच्या हद्दीत फोटो काढायचे असतील तर रेल्वेची परवानगी घ्यावी लागते. रस्त्यावरून काढणं सोपं. लायन गेटच्या आसपास नौदलाची हद्द आहे, तिथे कॅमेरा पिशवीतच राहू द्या.

कायद्याच्याही आधी माणूस. चेहरा ओळखू येत असेल तर विचारा. झोपलेली माणसं आणि रस्त्यावरची मुलं कार्डावर नकोत. ज्याच्याकडून होकार घ्यायलाही तुम्ही थांबला नाहीत, त्याचा चेहरा शंभर घरी पाठवू नका.

## टप्पा ६: फाइल तयार करा

१. फोटो ३:२ मध्ये कापून घ्या. पण कटिंगसाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचा फोटो हवा, याला ब्लीड म्हणतात. म्हणजे ४ बाय ६ च्या कार्डाची फाइल १५८ बाय १०८ मिलिमीटर, सुमारे १८६६ बाय १२७६ पिक्सेल.

२. कळस, चेहरा, पाटीवरची अक्षरं असं जे कापलं जाऊ नये ते कडेपासून ५ मिलिमीटर आत ठेवा. राजाबाईचं टोक उडालेल्या त्या कार्डात ते कडेपासून जेमतेम एक मिलिमीटरवर होतं. कटिंग मशीन एवढं सरकतंच, त्यात प्रेसवाल्याचा दोष नाही.

३. पांढरी चौकट हवी असेल तर ५ मिलिमीटर किंवा जास्त ठेवा. दोन मिलिमीटरची चौकट एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक दिसतेच.

४. फोटो थोडा उजळ करा. पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद नाही. फोनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणा आणि मग गॅलऱ्यांखालच्या सावल्या दिसतात का बघा. नसतील तर सावल्या उजळ करा.

५. भडक रंगांना आवर घाला. प्रेसच्या चार शाया पडद्यावरचे सगळे रंग देऊ शकत नाहीत. पावसाळ्यात छपरांवर घातलेली निळी ताडपत्री जांभळट होते, निऑनच्या पाट्या मंद पडतात, रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्यांचा उजेड मातकट होतो. सीएमवायके प्रिव्ह्यू (या चार शायांत फोटो कसा दिसेल ते) बघून निळा आधीच थोडा कमी करा.

६. मागच्या बाजूची वेगळी फाइल. इथे मराठीसाठी एक खास खड्डा आहे. आपण मजकूर युनिकोडमध्ये टाइप करतो. प्रेसमध्ये ती फाइल जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की वेलांटी अक्षराच्या पलीकडे उडी मारते, रफार सुटतो, जोडाक्षरं फुटतात. "चर्चगेट" चं "चरचगेट" झालेलं कार्ड मी पाहिलं आहे. म्हणून मजकुराचे कर्व्ह्ज करा, म्हणजे अक्षरांचं चित्रासारख्या आकारांत रूपांतर करा, आणि पीडीएफ द्या. प्रेसवाल्यानं "टाइप करून घेतो" म्हटलं तरी नको म्हणा.

७. फाइल ईमेलनं किंवा पेनड्राइव्हवर द्या. व्हॉट्सॲपनंच द्यायची असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली तर ती दाबली जाते.

जपून: फोटोची फाइल कुणाला पाठवत असाल तर त्यातली लोकेशनची नोंद काढून टाका, विशेषतः स्वतःच्या खिडकीतून काढलेल्या फोटोंची.

## टप्पा ७: प्रूफ घेतल्याशिवाय हलू नका

एकच शीट छापून घ्या, ठरलेल्या कागदावर, दोन्ही बाजूंनी. १३ बाय १९ इंचाच्या शीटवर ब्लीडसह आठ कार्डं बसतात, तेव्हा चार फोटोंच्या दोन-दोन प्रती एका शीटमध्ये येतात.

ती शीट प्रेसच्या ट्यूबलाइटखाली बघून मान डोलवू नका. दाराबाहेर या, दिवसाउजेडी बघा. मग एक कार्ड तिथेच कापून घ्या आणि ते आडव्या अक्षावर नाही, पुस्तकाचं पान उलटावं तसं उलटा.

हे मी दंडाचे पैसे भरून शिकलो आहे. पहिल्या खेपेला माझ्या शंभर कार्डांची मागची बाजू डोक्यावर उलटी छापली गेली. प्रूफ मी पाहिलं होतं, पण फक्त पुढून. मशीनला लांब बाजूनं उलटायचं की आखूड बाजूनं, एवढाच काय तो फरक. ती कार्डं अजून घरात वाणसामानाच्या याद्या लिहायला वापरतो.

प्रूफवर बघायच्या गोष्टी: मागची बाजू सुलट आहे का, कडेला पांढरी रेघ दिसते का, सावल्या काळ्या ठिक्कर पडल्यात का, जोडाक्षरं शाबूत आहेत का, पेन चालतं का. सगळं जमलं तर त्याच शीटवर सही करून तारीख टाका आणि "अशीच हवीत" म्हणून प्रेसवाल्याकडे ठेवा. एक प्रत स्वतःजवळ.

उभ्या फोटोंच्या बाबतीत, फोटोचं डोकं तिकिटाच्या बाजूला की मजकुराच्या, हे एकदा ठरवा आणि सगळ्या संचात तेच ठेवा.

## टप्पा ८: कटिंग आणि साठवण

कटिंग शक्यतो समोर उभं राहून करून घ्या. सुरुवातीला पाच कार्डं कापून मोजा, मग बाकीचा गठ्ठा. शीट गरम असताना लगेच कापू नका म्हणावं. अर्धा तास थांबलं की कागद सपाट होतो.

घरी आणल्यावर कार्डं जोडीनं ठेवा, फोटोसमोर फोटो, पाठीला पाठ. पाठ फोटोवर घासली की गडद भागावर ओरखडे येतात. पावसाळ्यात डबा हवाबंद हवा, आत सिलिका जेलची एक पुडी.

## टप्पा ९: लिहिणं, तिकीट, पेटी

बॉलपेन वापरा. जेलची आणि फाउंटन पेनची शाई पाण्यात पसरते, आणि जुलैत मुंबईच्या पोस्टमनची पिशवी कोरडी राहील असं धरून चालणं बरं नव्हे.

आधी पत्ता लिहा, मग मजकूर. उलट केलं की शेवटची दोन वाक्यं पत्त्याच्या जागेत घुसतात. महाराष्ट्रात पाठवताना पत्ता मराठीत चालतो. राज्याबाहेर रोमनमध्ये लिहा. पिन कोडचे सहा आकडे सुटे-सुटे. परदेशी कार्डावर शेवटच्या ओळीत देशाचं नाव रोमन मोठ्या अक्षरांत.

कार्ड वाटेत कुणीही वाचू शकतं. फोन नंबर, कुणाचं आजारपण, "आम्ही पंधरा दिवस गावाला जातोय, घर बंद आहे" असं काही त्यावर नको.

तिकीट विकत घेण्याआधी काउंटरवर कोरं कार्ड दाखवून दर विचारा: देशातला आणि परदेशातला. मोठ्या आकारामुळे देशात मी पत्राचंच तिकीट लावतो. तिकीट कमी पडलं तर कार्ड नॉटपेड होतं आणि जास्तीचे पैसे घेणाऱ्याला भरावे लागतात; भेट पाठवून वर त्याच्याच खिशाला चाट. परदेशी कार्डासाठी लहान आकाराची, जास्त किमतीची तिकिटं मागा, म्हणजे एक-दोनांत काम होतं.

तिकिटाच्या मागच्या गोंदावर विसंबू नका. पोस्टात ठेवलेल्या डिंकाचं बोट चारही कोपऱ्यांना लावा, मधे थापू नका. जास्त डिंक बाहेर येऊन दोन कार्डं एकमेकांना चिकटतात.

रस्त्यावरच्या लाल पेटीत टाकण्यापेक्षा कार्ड काउंटरवर द्या आणि शिक्का हातानं, तिकिटावर नीट मारायला सांगा. काही टपाल कार्यालयांत चित्रमय शिक्का असतो, तोही विचारा. मुंबईत जीपीओमध्ये, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयात, फिलाटेली (तिकीट-संग्राहकांसाठीचा) विभाग आहे. गर्दी नसेल अशा वेळी गेलात आणि कार्ड दाखवलंत, तर तिथली माणसं आस्थेनं मदत करतात, असा माझा अनुभव.

तपासा: पहिलं कार्ड स्वतःच्या पत्त्यावर पाठवा. शाई, कोपरे, शिक्का यांचं काय झालं ते बघूनच बाकीची टाका.

## टप्पा १०: वाटणं

पोस्टक्रॉसिंग या वेबसाइटवर नाव नोंदवलं तर अनोळखी माणसांशी कार्डांची देवाणघेवाण करता येते. तिथे प्रत्येक कार्डाला एक ओळख क्रमांक मिळतो. तो मागे स्पष्ट आणि दोन ठिकाणी लिहा. एका ठिकाणी शिक्का बसला तर दुसरा वाचता येतो. तो विसरला तर मिळालेल्या माणसाला कार्डाची नोंद करणं अवघड जातं. समोरच्याचं प्रोफाइल आधी वाचा, काहींना घरी केलेली फोटोकार्डं नको असतात. १ ऑक्टोबर हा जागतिक पोस्टकार्ड दिन. त्या तारखेचा शिक्का हवा असेल तर कार्डं आधीच लिहून ठेवा आणि त्या दिवशी काउंटरवर द्या.

संच करून देणार असाल तर सहा कार्डं पुरेत. प्लास्टिकच्या पाकिटापेक्षा कागदाची पट्टी गुंडाळा; एक कार्ड काढून लगेच लिहिता येतं. संचात एकाच गल्लीची सहा कार्डं ठेवली तर ती माणसं जपून ठेवतात. सहा प्रसिद्ध इमारतींचा संच दुकानातही मिळतो.

आणि फोटोत जो माणूस आहे त्याचं कार्ड आधी त्याला. हुतात्मा चौकाजवळच्या एका चहावाल्यांचा फोटो मी घेतला होता, किटलीतून कटिंग ओततानाचा. कार्ड घेऊन गेलो तर त्यांनी फोटो ओझरता पाहिला आणि कार्ड उलटं केलं. ओला अंगठा गमछ्याला पुसून पत्त्याच्या ओळींवरून फिरवला. "हे गावी पाठवता येईल ना?" म्हणाले. मी पेन दिलं. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: मुक्काम पोस्ट, तालुका पाटण, जिल्हा सातारा. पिन त्यांना तोंडपाठ होता. मजकुराच्या जागेत त्यांनी स्वतःच्या हातानं एकच ओळ लिहिली, "आई, हा मी."

तिकीट तेव्हा माझ्याकडे नव्हतं, जीपीओपर्यंत चालत जावं लागलं. आता कार्डांच्या डब्यात तिकिटंही ठेवतो.